वेशीच्या आईचा अंगरखा

"हे तुला जमायचं नाही," असं कुणी म्हटलं की माझे कान तापतात. लहानपणापासूनची खोड आहे, आणि ती घालवायचा मी कधी मनापासून प्रयत्नही केलेला नाही. आई म्हणायची, ही पोरगी सासरी नांदायची कशी! नांदले. पण त्या खोडीपायी एका हिवाळ्यात मी अख्ख्या घराला वेठीस धरलं होतं, ते सांगते.

हैदराबाद स्टेट मोडलं आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, तोच हिवाळा. माझं माहेर पिंगळीचं, सासर बोरीजवळच्या एका खेड्यात. सासरी मेंढरं होती आणि पोटापुरतं रान होतं. लग्नाला तिसरं वर्ष चाललं होतं आणि गावात माझी ओळख एवढीच, की मेंढरंवाल्यांची सून. शाळेत नवे गुरुजी आले होते. एका संध्याकाळी त्यांनी मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं आणि सांगितलं, की सव्वीस जानेवारीला बोरीच्या बाजारात बैलगाड्यांची मिरवणूक निघणार आहे. प्रत्येक गावानं आपल्या इतिहासातलं एक सोंग गाडीवर उभं करायचं, आणि चावडीपुढं गाडी थांबली की त्या सोंगानं आपण कोण ते मोठ्यानं सांगायचं.

आमच्या गावाला इतिहास म्हणजे एकच, वेशीची आई. वेशीजवळ शेंदूर लावलेला एक दगड आहे, बायका येता-जाता त्याला हळदकुंकू वाहतात. म्हाताऱ्या सांगत, की फार पूर्वी पेंढारी आले तेव्हा गावातले गडी बाहेर गेले होते. एका बाईनं नवऱ्याचा कापूस भरलेला अंगरखा अंगात घातला, फेटा बांधला आणि हातात भाला घेऊन वेशीत उभी राहिली. मागं बायका मुसळं घेऊन. लांबून पेंढाऱ्यांना वाटलं गावात फौज आहे, आणि ते आल्या पावली परत गेले. त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नाही.

गुरुजींनी ठरवलं होतं, की शाळेतल्या एका गोऱ्यागोमट्या पोराला मखमलीचं लुगडं नेसवायचं, डोक्याला बेगडी मुकुट घालायचा. मी बायकांच्या घोळक्यात मागं बसले होते. मला हसू आवरेना. पेंढारी आले असताना मुकुट शोधत बसली असती तर गाव केव्हाच लुटलं गेलं असतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. मी पदराआडून म्हटलं, "गुरुजी, तिनं अंगरखा घातला व्हता. लुगड्यावर, नवऱ्याचा."

"मग तो अंगरखा आणायचा कुठून?" गुरुजींनी विचारलं.

"मी शिवते. अन् गाडीवर बी मीच हुभी राहते. बाईचं सोंग पोराला कशाला?"

मग कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "जमायचं न्हाई ते." झालं, माझे कान तापले. गुरुजी म्हणाले, घरच्यांचा होकार आण, नाहीतर आपलं पोर आहेच.

घरी आल्यावर मी आधी यांना सांगितलं. हे स्वभावानं गरीब. मेंढरांना मोठ्यानं हाकसुद्धा घालत नसत. म्हणाले, "माझं काही न्हाई बाबा. आईला विचार."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"गड्याचा अंगरखा घालून? चार गावच्या लोकांपुढं?"

"व्हय."

"न्हाई जमायचं. सगळी सोंगं घेता येत्यात पोरी, हे सोंग न्हाई घ्यायचं आपल्या घरात."

आत्याबाई तशा खाष्ट नव्हत्या. तीन वर्षांत मला त्यांनी टाकून बोललेलं आठवत नाही. म्हणून तर त्या नकाराचा मला जास्त राग आला. नाही म्हणायचं कारण मला का कळू नये? मी ताटावर बसले आणि न जेवता उठले. खरं सांगायचं तर मला त्या गाडीवर उभं राहायचंच होतं. पाणी आणणारी, शेण काढणारी, कोकरांना पाजणारी सून सगळ्यांनी पाहिली होती. एकदा तरी लोकांनी मान वर करून माझ्याकडं पाहावं, असं मला फार वाटत होतं. ही हाव म्हणा हवं तर. मला तिची लाज नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आत्याबाई, शिवू तर द्या. घालायचं का न्हाई ते तुमी मागून ठरवा."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "शिवायला कोण अडवायलंय? शीव."

मी तेवढ्यावरच कामाला लागले. बोट मिळालं होतं, मनगट पुढं बघू.

बोरीच्या शिंप्याकडं जायचा प्रश्नच नव्हता. बाईच्या मापानं गड्याचा अंगरखा बेतायला तो तयार झाला नसता, आणि झाला असता तर बाजारभर सांगत सुटला असता. मशीन आमच्या वाडीवस्तीत कुणाकडंच नव्हतं. पण मला वाकळ शिवता येत होती. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरायची, कडेनं धावदोरा घालत चौकोनात आत आत जायचं, ते मध्यावर पोटाशी येऊन थांबायचं. कापूस भरलेला अंगरखा म्हणजे तरी काय? अंगात घालायची वाकळच की. पाठीची एक, छातीच्या दोन, बाह्यांच्या दोन अशा लहान वाकळी शिवायच्या आणि एकमेकींना जोडायच्या. हे डोक्यात आलं तेव्हा मी एकटीच हसले.

आता कापायला माप, बेत हवा होता. मला ठाऊक होतं, की आत्याबाईंच्या लोखंडी पेटीच्या तळाशी मामंजींची बंडी आहे. मामंजी मी यायच्या आधीच वारले होते. दरवर्षी दिवाळी झाली की आत्याबाई ती बंडी परसात उन्हाला टाकत आणि स्वतः राखण बसत, कोंबडं फिरकू देत नसत. मी मनात म्हटलं, तिच्यावरून नुसता बेत घ्यावा. पेटी उघडून बंडी जमिनीवर अंथरली आणि कोळशानं रेघ मारणार, तोच आत्याबाई आल्या. त्यांनी ती माझ्या हातातून अशी ओढून घेतली की मी दचकलेच.

"हिला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांनी ती छातीशी घट्ट धरली.

मला वाटलं, नवऱ्याची आठवण. मी यांचा सदरा घेऊन त्यावरून बेत काढला.

आतल्या थराला आत्याबाईंनीच एक जुनं धोतर काढून दिलं. वरच्या अंगाला माझं माहेरचं गडद निळं लुगडं घेतलं, पदराकडून विरलेलं पण अंगात जीव असलेलं. वेचणीतला उरलेला कापूस होता. दुपारी मेंढरं रानात गेली की मी ओसरीत बसून त्यातली सरकी बोटांनी काढायची, कापूस पिंजून पातळ थर लावायचा आणि टाके घालायचे. गल्लीतल्या बायका येता-जाता डोकावायच्या. "काय शिवायलीस गं? बाळाची दुपटी का?" मी म्हणायची, "व्हय, लय मोठं बाळ हाय." त्या हसायच्या आणि जायच्या.

पहिल्यांदा पाठ, छाती आणि बाह्या जोडून मी ते धूड अंगात घातलं, तेव्हा हे दारात उभे होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"कापसाचं पोतं चालत आलं का काय?"

मी कापूस जास्त भरला होता. हात तर खांद्याच्या वर जाईनात. भाला उचलायचा म्हटलं तर वेशीची आई कोपरापासूनच हात हलवणार, म्हणजे पेंढारी हसूनच परत गेले असते. सगळं उसवलं. बोटांना फोड आले होते, पण उसवायला मला वाईट वाटलं नाही, राग मात्र आला, स्वतःचाच. निम्मा कापूस काढला. बाह्या पुन्हा जोडताना बगलेत चौकोनी तुकडा तिरपा लावून पाहिला, आणि हात सरळ आभाळाकडं गेला. मी ओसरीत उभी राहून दोन्ही हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. शेजारची कोकरं माझ्याकडं बघत होती. आत्याबाई दळण पाखडत होत्या. त्यांनी पाहिलं आणि मान फिरवली, पण फिरवायच्या आधी जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं.

शेवटी डाव्या छातीचा मधला चौकोन बंद करायची वेळ आली. आमच्या माहेरी रीत आहे, की वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये. शेवटच्या टाक्याच्या आत भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवायचा, मगच पोट शिवायचं. उपाशी वाकळ माणसाला ऊब देत नाही म्हणतात. मी विचार केला, हीसुद्धा वाकळच. हिनं तर अख्ख्या गावाला ऊब द्यायचीय. ज्वारीच्या भाकरीचा चांगला मोठा तुकडा आणि गूळ घातला, हात जोडले आणि पोट शिवून टाकलं. मग अंगरखा नीट घडी घालून कणगीवर ठेवला. आत्याबाईंनी अजून हो म्हटलं नव्हतं, पण संक्रांत झाली तरी नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं. मी आशेवर होते.

वाकळ शिवून झाली की त्याच रात्री कुणीतरी ती अंथरून झोपतं. आतला घास असा सुका पडून राहतच नाही, माणसाखाली चुरा होऊन जातो. माझा अंगरखा मात्र ज्वारीच्या कणगीवर गुपचूप पडून होता. माझ्या डोक्यात हे आलंच नाही. मिरवणूक तोंडावर आली तेव्हा फेट्याबरोबर घालून पाहावा म्हणून मी घडी उचलली, तर खाली कापसाचा भुगा पडला. उंदरांनी बरोबर पोटावरच हल्ला केला होता. डाव्या छातीला माझी मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. भाकरी नाही, गूळ नाही, निळ्या लुगड्याच्या चिंध्या तेवढ्या लोंबत होत्या.

मी तिथंच बसकण मारली आणि रडले. मला रडू लवकर येत नाही, पण आलं की बांध फुटतो. निळं लुगडं संपलं होतं. तसलं दुसरं कापड घरात नव्हतं. गुरुजींचं गोरंगोमटं पोर मुकुट घालून गाडीवर चढलेलं मला दिसायला लागलं.

आत्याबाई आत आल्या. त्यांनी अंगरखा उचलला, भोकात बोटं घालून पाहिली.

"पोट भरलं व्हतंस व्हय?"

मी मान हलवली.

त्या हसल्या. मग पेटीकडं गेल्या आणि मामंजींची बंडी घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसल्या.

"ही तुझ्या मामंजींची. पर घातली मी हाय," त्या म्हणाल्या.

मला कळेना. त्या बंडीवर हात फिरवत सांगत गेल्या. "पोलीस ॲक्शनच्या आधी लय गडबड माजली व्हती बघ. तुझे मामंजी गावातल्या गड्यांसंगं सरहद्दीकडं लढ्याला गेले. पोराला मी सोनपेठच्या अंगाला माझ्या भावाकडं धाडलं. राहिले मी अन् मेंढरं. मेंढरं कुठं धाडणार? हत्यारवाले घोड्यावरून यायचे, जायचे. माळावर एकली बाई दिसली तर काय व्हईल ते सांगाया नको. म्हून ही बंडी घातली, धोतर नेसलं, फेटा बांधला. लांबून गडी दिसावा म्हून. घोडे दिसले की काठी खांद्यावर घ्यायची अन् लांब टांगा टाकत चालायचं. पळायचं न्हाई. पळालं की वळखतात."

"भीती न्हाई वाटली?"

"लय वाटली. पर एक मेंढरू जाऊ दिलं न्हाई."

मग त्यांचा आवाज खाली आला. मामंजी परत आले ते ताप घेऊनच, आणि थोड्या दिवसांत गेले. त्या दुःखातच एक दिवस आत्याबाई विहिरीवर गेल्या, तर त्यांची जाऊ चार बायकांपुढं त्यांची नक्कल करत होती. कंबरेला पदर खोचून, लांब टांगा टाकत, काठी खांद्यावर. जावेनं त्यांना माळावर पाहिलं होतं. बायका खिदळत होत्या. आत्याबाई घागर न भरताच माघारी आल्या आणि बंडी पेटीच्या तळाशी गेली. पोरालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

"म्हून म्हणत व्हते, हे सोंग नगं. लोक हसत्यात गं पोरी."

माझं रडू कुठल्या कुठं पळालं. कान असे तापले की काय सांगू. "हसू द्या," मी म्हटलं. "हसू द्या त्यांना! मी घालणार, आत्याबाई. आता तर घालणारच."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग वळचणीची मेंढरं कातरायची कातर काढली आणि मी 'नका, नका' म्हणेपर्यंत बंडीच्या पाठीतून एक मोठा चौकोन कापून घेतला.

"पाठीवरचा कशाला?"

"तुला छातीला पाहिजे ना? पाठ कोण बघायलंय."

तुकडा त्यांनी स्वतः लावला. नजर अधू झाली होती, सुईत दोरा मी ओवून दिला. माझे टाके बारीक, त्यांचे लांब लांब. निळ्या अंगरख्यावर तो मळकट पांढरा चौकोन लांबून उठून दिसत होता. मी म्हटलं, हळदीत नाहीतर निळीत बुडवू या का? त्या म्हणाल्या, राहू दे. मग मला उभं करून बंद आवळले. "ढिलं बांधू नको, बाईपण दिसतंय. पाय फाकवून हुभी राहा. मान खाली घालायची न्हाई." हे दारात येऊन सगळं बघत होते, आणि त्यांना काही कळत नव्हतं. आईनं हो म्हटलं, एवढंच कळलं असावं.

बोरीचा बाजार त्या दिवशी माणसांनी फुलला होता. आमच्या गाडीला ज्वारीची ताटं बांधली होती. गाडीवर मी, लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, वर अंगरखा, डोक्याला फेटा आणि हातात यांनी वेळूचा करून दिलेला भाला. उन्हानं आणि कापसानं मला घाम फुटला होता. बैलं हे हाकत होते. आत्याबाई चाकाशेजारून चालत होत्या, डोळ्यांपर्यंत पदर ओढून. गावातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. आत्याबाईंची जाऊपण होती. लोक बोटं दाखवत होते. "बाईच हाय का रं ती?" असं कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. आत्याबाईंची मान आणखी खाली गेली. मी ते वरून पाहिलं.

चावडीपुढं गाडी थांबली. गुरुजींनी पत्र्याच्या कर्ण्यातून विचारलं, "आपण कोण?"

मला वाक्य पाठ करून दिलेलं होतं, 'मी वेशीची आई, माझ्या गावाची राखणदार.' मी तोंड उघडलं. पदराआडून बोलले तेवढंच, परक्या पुरुषांपुढं मी कधी मोठ्यानं बोललेच नव्हते. मी डाव्या छातीवर हात ठेवला, त्या पांढऱ्या चौकोनावर, आणि सगळ्या ताकदीनं ओरडले, "वेशीची आई आमच्या गावानं ऐकलेली हाय. मी बघितलेली सांगते. गडबडीच्या सालात गड्याची बंडी घालून माळावर एकली हुभी राहिली, अन् एक मेंढरू जाऊ दिलं न्हाई. मी तिचं सोंग घेतलंय. ती माझी सासू हाय, ही बघा, चाकापाशी हुभी हाय!"

गुरुजींचा कर्णा खाली आला. यांनी बैलांचे कासरे धरल्या जागी मागं वळून आधी माझ्याकडं आणि मग आईकडं पाहिलं. मग आमच्या गावच्या बायकांतून एक म्हातारी पुढं आली आणि तिनं कमरेची पिशवी सोडून आत्याबाईंच्या कपाळाला हळद लावली, जशी वेशीच्या दगडाला लावतात तशी. तिच्यामागं दुसरी आली. जाऊ मागंच उभी राहिली, पण हसली नाही.

घरी येईपर्यंत आत्याबाई गाडीच्या पुढं पुढं चालत राहिल्या. दारात पाय ठेवल्यावर मात्र कडाडल्या, "चार लोकांत माझं काय सांगायचं व्हतं गं तुला? लाज न्हाई वाटली?"

"न्हाई वाटली," मी म्हटलं.

हे गोठ्याकडं गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. आईच्या पायाशी बसले आणि जेवायला उठले तेव्हाच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकायला उठले, तर मामंजींची बंडी ओसरीतल्या खुंटीला टांगलेली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसावी अशी. पाठीची बाजू बाहेर होती, मधला चौकोन कापलेला. पुढं आत्याबाई होत्या तोवर ती तिथंच राहिली. कुणी पाहुणा विचारायचा, म्हातारे, ही फाटकी बंडी कशाला टांगलीय? त्या सुपातून मान वर न करता सांगायच्या, "फाटकी न्हाई ती. तुकडा सुनेच्या अंगरख्याला लावलाय."